सतरा नंबरचं विरजण

मण्यांची साल विरघळायला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि जेसांगला त्याचा रागच आला. ती साल घट्ट करण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. अकरा वर्षांत लोक तीन पोरं वाढवतात, घर बांधतात, भावाशी भांडून ते विकतातसुद्धा. जेसांगने मणी केले होते. मोहरीएवढे, पांढरे, समुद्री शेवाळाच्या डिंकाचे मणी, आणि प्रत्येकाच्या पोटात दह्यातल्यासारख्या आंबवणाऱ्या जंतूंची काही लाखांची वस्ती.

हे जंतू मोठे गुणाचे, पण तितकेच नाजूक. तसेच गिळले तर माणसाच्या जठरातल्या आम्लात पटापट मरतात, आतड्यापर्यंत पोचतच नाहीत. पिठात मिसळून ठेवले तर महिन्याभरात वाळून मरतात. म्हणून त्यांना सालीत बंद करायचं, वर दुसऱ्या सालीचा लेप द्यायचा, थंडीत वाळवायचं आणि शाळेतल्या पोरांच्या सकाळच्या लापशीच्या पिठात घालायचं. पोरांची पोटं बिघडायची थांबावीत एवढाच उद्देश. न्जोरो गावातल्या प्रयोगशाळेत जेसांग सेरेमला सगळे 'मणीवाली बाई' म्हणत, तिच्या पाठीमागे आणि कधी कधी तोंडावरही.

आज शनिवार होता, इमारतीत कुणी नव्हतं, आणि आजचे मणी शाळेतल्या पोरांसाठी नव्हते. तिने बरणीतले चमचाभर मणी काढले, साल विरघळवणाऱ्या पाण्यात टाकले, आणि मोकळे झालेले जंतू उकळून थंड केलेल्या दुधात ओतले. हे दूध तिच्या बापासाठी होतं. बापाने पाच आठवडे दुधाला तोंड लावलं नव्हतं, आणि याला जबाबदार ती स्वतः होती.

पाच आठवड्यांपूर्वी तिची आई गेली होती. ताप्रान्दिच नाव, दोन दिवसांच्या तापाने गेली, कुणाला काही करू दिलं नाही. नांदीच्या डोंगरात मोसोरिओतच्या पुढे त्यांचं घर, मागे गोठा, पुढे मक्याचं शेत. ज्या आठवड्यात आजारी पडली त्याच आठवड्यात तिने मुर्सिकचे तीन तुंबे भरून भिंतीला टांगले होते. मुर्सिक म्हणजे तुंब्यात, वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात, आंबवलेलं दूध. तुंबा आतून ताडाच्या काड्यांच्या कुंच्याने घासायचा, सेनेत्वेतच्या झाडाची जळती काठी आत फिरवायची, कोळसा आतल्या अंगाला चोळायचा आणि मग दूध भरायचं. प्रत्येक घरी हेच करतात, आणि प्रत्येक घरची चव वेगळी लागते. ताप्रान्दिच एक गोष्ट मात्र न चुकता करायची. तुंबा रिकामा करताना तळाचं ओंजळभर काढून ठेवायची आणि नवीन दुधात घालायची. एकेचाळीस वर्षांत तिचं विरजण तुटलं नव्हतं.

जेसांगच्या मण्यांतला जंतूसुद्धा याच तुंब्यातून आलेला. शिकत होती तेव्हा सुट्टीत घरी आली आणि बाटलीभर मुर्सिक घेऊन गेली. त्यातून तिने जंतू वेगळे केले, त्यांना नंबर दिले, आणि आम्लात टाकून कोण जगतो ते पाहिलं. सगळ्यात चिवट निघाला सतरा नंबर. त्याच्यावर तिची पीएचडी झाली, निबंध झाले, एकदा कोपनहेगनला जाऊनही आली. आईला एवढंच माहीत होतं की पोरगी आपल्या दुधावर मोठी झाली.

पुरायच्या दिवशी दारात तीनशे माणूस. भावाची बायको सलीना सकाळपासून पायाला भिंगरी लावून फिरत होती. दोन तुंबे संपले, तेव्हा ती जेसांगला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, तिसऱ्याला हात नको लावायला. निदान तळाशी थोडं राहू दे."

"कशाला?"

"विरजणाला. सासूबाई तुंबा कधी कोरडा करायच्या नाहीत."

"अगं, लोक डोंगर चढून आलेत. भिंतीवर भरलेला तुंबा दिसतोय आणि आपण त्यांना काळा चहा देणार? आई उठून बसेल."

"तसं नाही हो. सगळ्यांना देऊ, फक्त ओंजळभर—"

"सलीना, आईचं विरजण माझ्याकडे आहे. उणे ऐंशी अंशांच्या थंडीत. आणि मण्यांतही आहे. तुमचा तुंबा फुटेल, त्यात उंदीर पडेल, माझ्याकडचं शंभर वर्षं जाईल."

"डबीतलं आणि तुंब्यातलं एकच असतं का पण?"

"मी यातच पीएचडी केली आहे, बाई."

सलीना पेले गोळा करायला वळली. पीएचडीपुढे माणूस काय बोलणार. जेसांगने तिसरा तुंबा स्वतःच्या हाताने उतरवला आणि स्वतःच ओतला, अगदी तळापर्यंत. शेवटचा पेला कापसाबेतच्या एका खताच्या व्यापाऱ्याने घेतला आणि मिशा पुसत 'वा' म्हणाला. मग ती बापाजवळ गेली. अराप सेरेम खुर्चीत ताठ बसला होता, डोळे कोरडे. ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, आईचं मुर्सिक संपलेलं नाही. माझ्याकडे आहे. म्हणाल तेव्हा करून आणते." म्हाताऱ्याने मान डोलावली.

लोक गेल्यावर सलीनाने तिन्ही तुंबे गरम पाण्याने घासले, जाळले, चार दिवस उन्हात वाळवले. मेलेल्या बाईचे तुंबे खरकटे टांगून ठेवायचे नसतात, कुठलीही सून हेच करील. तुंब्यात जे काही थोडंफार चिकटून राहिलं असेल तेही गेलं.

आणि तेव्हापासून अराप सेरेमने दूध सोडलं. आठवड्यातून दोनदा सलीनाचा फोन यायचा.

"आज पण नाही, ताई."

"मग घेतलं काय?"

"काळा चहा आणि अर्धं रताळं. गोठ्यात पाच गाई असलेला माणूस काळा चहा पितो, शेजारी काय म्हणत असतील. मला नीट सासुरवास लावलाय तुम्ही."

"तुझं मुर्सिक दे ना."

"देते की. पेला पुढे केला की नुसती मान हलवतात. म्हणतात, ठेव, जेसांग आणणार आहे. पट्ट्याची भोकं संपली, ताई. तुमच्या भावाने परवा खिळ्याने नवीन पाडलं." मग ती म्हणाली, "तुम्ही बोललात म्हणून ते थांबलेत. आणायचं तर आणा, नाहीतर नाही म्हणून सांगा. बोलाचीच कढी किती दिवस पाजणार?"

जेसांगने तोवर दोनदा करून पाहिलं होतं. पहिल्यांदा विरजण लागलं, दूध आंबट झालं, पण पातळ आणि मुकं. तिला वाटलं कोळसा नाही म्हणून. दुसऱ्यांदा तिने बाजारातून तुंबा आणला, सेनेत्वेतची काठी मागवली, वसतिगृहामागे जाळत बसली तर पहारेकरी धावत आला. त्या दुधाला धुराचा वास आला, पण धुराखाली काहीच नव्हतं. आज तिसरी खेप होती. जंतू थंडीतले नकोत, ताजे मण्यांतले घेऊ, ऊब दोन अंश कमी ठेवू, म्हणजे जमेल, असं ती स्वतःला सांगत होती.

रविवारी दुपारी तिने पेला भरला तेव्हा ओगुतु आत आला. ओगुतु प्रयोगशाळेचा जुना मदतनीस, निवृत्तीला आलेला. जमातीने लुओ, तळ्याकाठचा, माशांवर वाढलेला. जेसांगच्या नांदी लोकांच्या मुर्सिकवर बोलल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे.

"सुट्टीच्या दिवशी पण कोळसा कालवताय का, मॅडम? तुम्हा लोकांना दूध जाळल्याशिवाय गोड कसं लागत नाही?"

"पिऊन बघा आणि सांगा, ओगुतु."

"मला काय कळतंय त्यातलं. मेलेल्या माशाबद्दल विचारा." तरी त्याने पेला घेतला, घोट घेतला आणि जिभेवर फिरवला. "आंबट आहे. स्वच्छ आहे. दुकानातल्या दह्यासारखं आहे. तुमच्या आईने एकदा माझ्यासाठी बाटली पाठवली होती, आठवतं? ते प्यायल्यावर मला दोन दिवस ढेकर येत होते. पण त्यात कायकाय होतं. धूर होता, चीज होतं, पिकलेल्या केळ्यासारखं काहीतरी होतं. यात ती गर्दी नाही."

"जंतू तोच आहे. आईच्याच तुंब्यातला."

"असेल. पण तुम्ही त्यातला एकच ठेवलात ना." ओगुतुने पेला खाली ठेवला. "तुम्ही जंतू वाढवले होतेत त्या ताटल्या मीच उकडल्या होत्या. जंतूंच्या वस्त्यांचे एकशे चार ठिपके मोजले होते तुम्ही, मी समोर उभा होतो. एक काढून घेतलात आणि म्हणालात, बाकीचं वाफेत घाला, ओगुतु, ते कामाचं नाही."

तो काही टोचून बोलला नव्हता. झालं ते सांगितलं आणि वरच्या मजल्यावरची खिडकी लावायला निघून गेला. जेसांग स्टुलावर बसून राहिली.

हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? विद्यार्थ्यांना ती दरवर्षी शिकवायची. घरच्या आंबवणात शंभर जातींचे जीव असतात, यीस्ट असतात, एकाने टाकलेलं दुसरा खातो, दुसऱ्याचा वास तिसऱ्याला चढतो, आणि सगळे मिळून ती चव करतात. फळ्यावर बाणांसहित काढून दाखवायची. आणि स्वतःच्या आईच्या तुंब्यातून तिने सगळ्यांत चिवट तेवढा निवडला, जो एकटा आम्लात टिकतो तो, आणि बाकीच्यांना वाफेत घातलं. शाळेतल्या पोरांच्या पोटाला तोच बरा होता, त्यात खोट नाही. पण पुरायच्या दिवशी तिला हा फरक आठवला नाही. 'आईचं विरजण माझ्याकडे आहे' हे तिने इतक्या वेळा निबंधांत आणि सभांत सांगितलं होतं की तिचाच त्यावर विश्वास बसला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

तिने तो पेला स्वतः संपवला. खोलीवर जाऊन एक पोळी भाजली, एक अंडं उकडलं, आणि खिडकीजवळ बसून खाल्लं. आईचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा, गाईंच्या तक्रारी घेऊन. तो आता येणार नव्हता, आणि दुसरं कुणी रविवारी तिला फोन करत नव्हतं. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला हे कळायला आईने मरावं लागलं, याची तिला लाज वाटली आणि मग रडू आलं. ती बराच वेळ रडली.

तरी सोमवारी ती निघाली. सांगायचं तरी काय होतं फोनवर? बाप वाट बघत होता. दुधाचा डबा मांडीवर घेऊन तिने तीन गाड्या बदलल्या. मनात एकच बेत होता, तो चांगला नव्हता आणि तिला ते माहीतही होतं. दूध आईच्या तुंब्यात घालायचं, एक दिवस मुरू द्यायचं आणि आईचं म्हणून बापाला द्यायचं. म्हातारं माणूस आहे, जीभ बोथटली असेल, तुंबा ओळखीचा दिसला की बाकीचं मन भरून काढील.

सलीनाने डबा उघडून वास घेतला. तिने आईचा मधला तुंबा उतरवला, ताजा कोळसा चोळला आणि दूध ओतून दिलं.

"बोल ना काहीतरी," जेसांग म्हणाली.

"मी काय बोलू, ताई. माझी कुठे पीएचडी आहे." मग तिलाच वाईट वाटलं. "ते पिऊ देत एवढंच. देवाशप्पथ, मला बाकी काही नको."

बुधवारी सकाळी अराप सेरेम अंगणात आला तेव्हा त्याने दाढी केली होती. लग्नाकार्याला घालायचा कोट घातला होता, आणि त्यात तो इतका बारीक दिसत होता की जेसांगने नजर दुसरीकडे वळवली. तो खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. जेसांगने तुंबा हलवला, पेला भरला, दोन्ही हातांनी पुढे केला.

त्याने आधी पेल्यात पाहिलं. मग घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. सलीना दारात पदराशी चाळा करत उभी होती.

"कुठल्या घरचं?" त्याने विचारलं.

"आपल्या, बाबा. आईचं."

म्हाताऱ्याने आणखी एक घोट घेतला. रागावला नाही. "एकेचाळीस वर्षं प्यायलो मी तिचं. मला फसवायला निघालीस?"

जेसांग तुंब्याचं झाकण घट्ट लावत राहिली.

"कुठल्या घरचं ते सांग. चांगलं आहे. कुणी केलं त्याचं नाव तरी कळू दे."

"माझ्या घरचं आहे, बाबा."

"हं." तो पेला फिरवत राहिला. "तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"मीच, बाबा. एकटीच असते."

त्याने मान डोलावली, हे त्याला आधीच कळलं होतं अशी. मग पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायला. पाच आठवड्यांनी त्याच्या पोटात दूध गेलं होतं, पण जेसांगला आनंद होईना.

"म्हणजे तिचं संपलं," तो म्हणाला.

"संपलं. तुंब्यात शेवटचं होतं ते मी लोकांना वाटलं. सलीना म्हणत होती ठेवू या, मी ऐकलं नाही. मला वाटलं माझ्याकडे आहे. माझ्याकडे त्यातलं एकच काय ते होतं, बाबा, बाकी मीच टाकून दिलं होतं. फार पूर्वी."

त्याने गुडघ्यावरची टोपी उचलली आणि तोंडावर धरली. खांदे हलायला लागले तेव्हा दोघींना कळलं. पुरायच्या दिवशी तो रडला नव्हता, त्यानंतरही नाही. तो वाट बघत होता, जेसांग आणणार आहे म्हणून, आणि वाट बघणाऱ्याला रडता येत नाही. आता त्याची बायको खरोखर मेली. जेसांग त्याच्या पायाशी बसली, पण त्याला हात लावायचा तिला धीर झाला नाही. गोठ्यातल्या गाई चाऱ्यासाठी ओरडायला लागल्या तरी कुणी उठलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने टोपीने डोळे पुसले आणि ती डोक्यावर घातली.

"सलीना," तो दाराकडे बघून म्हणाला, "तुझं आण पोरी. भूक लागलीय."

सलीना आत पळाली. आपला तुंबा घेऊन आली, घाईत थोडं सांडलंही. भरलेला पेला तिने सासऱ्यापुढे धरला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. आता म्हातारा जगणार होता, हे तिघांनाही कळलं.

अराप सेरेमने पेल्याला हात लावला नाही. टाकून बोलायचं म्हणून तो बोलला नाही, त्याच्या आवाजात माया होती, घरी आलेल्या माणसाबद्दल असते तेवढी माया, आणि म्हणूनच ते जेसांगच्या काळजात गेलं.

"आधी पाहुणीला दे," तो म्हणाला.

जेसांग उठली. तिने पेला दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानेच प्यायली.